दुपारी लहान होणारी अक्षरं

थोरलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. व्याह्यांनी सुपारी कातरता कातरता मला विचारलं, "लांजेवार भाऊ, तुम्ही कॉम्प्युटरमंधी आहा हे समजलं. पण नेमकं करता काय जी?"

मी म्हटलं, "भांडणं सोडवतो."

"म्हणजे वकिली?"

"नाही जी. एकाच मशीनवर हुकूम सोडणारे दोन मालक असतात. दोघंही दिसत नाहीत अन् दोघंही खोटं बोलत नाहीत. त्याहिचं भांडण."

व्याह्यांनी हळूच विहीणबाईंकडे पाहिलं. लग्न मोडलं नाही, हे पोरीचं नशीब.

आता निवृत्त झालो तरी लोक तेच विचारतात, म्हणून या दिवाळीला एकदाचं लिहूनच टाकतो. मी भंडाऱ्याजवळच्या वरठीचा. स्टेशनाच्या अलीकडे आमचं घर. माझं ऑफिसही वरठीलाच, खेड्यापाड्यांत दवाखाने चालवणाऱ्या एका संस्थेत. माझ्या टेबलासमोर खिडकी होती. खिडकीतून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दिसायच्या, त्यांच्यापलीकडून मालगाडी जायची आणि पाळी सुटली की कारखान्याच्या सायकली. शाळेत असताना गुरुजी म्हणायचे, "लांजेवार, खिडकीतून आत ये." मी काही पूर्ण आत आलो नाही. नोकरीभर एक डोळा पडद्यावर आणि एक बांधीत. हिवाळ्यात सकाळी धुकं असायचं, बांध्या नुसत्या पांढऱ्या दिसायच्या आणि मला वाटायचं की आता आंबागडच्या केंद्रावर मशीन उघडलं असेल, सानगडीला उघडलं असेल, आणि इथून सुटलेले हुकूम या धुक्यातून, पळसाच्या शेंड्यांवरून, तलावांवरून तिकडे चालले असतील. कोणाला न दिसता. एखाद्या बगळ्याला तरी कळत असेल का? अशा तंद्रीत माझा चहा रोज थंड व्हायचा आणि शिपाई रोज बोलायचा.

धंदा समजावून सांगतो, घाबरू नका. संस्थेचे सगळे लॅपटॉप एका शिस्तीत राहावे म्हणून ऑफिसात एक मोठं मशीन असतं. पासवर्ड केवढा ठेवायचा, पडदा केव्हा बंद व्हायचा, कोणी काय बदलायचं नाही, असे सगळे हुकूम ते सोडतं. त्याच्या राज्याला डोमेन म्हणतात. पण त्याचा आवाज घरातल्यांनाच ऐकू जातो. लॅपटॉप ऑफिसात आला, किंवा दुरून त्यानं ऑफिसाची लाइन जोडली, की हुकूम लागू. पुढं क्लाउड आला. हा मालक लांब कुठंतरी असतो, पण इंटरनेट असलं की कुठंही पोचतो, रानात का असेना.

म्हणजे घरात ओसरीवर बसलेला थोरला काका आणि पुण्याहून फोन करणारा पुतण्या. काका सुनेला म्हणतो वरणात मीठ टाक. पुतण्या फोनवर सांगतो, टाकू नको, बाबांना बीपी आहे. बिचारी सून फोन आला की आळणी करते, काका ओसरीवर आला की खारट. कोणालाही विचारा, तो म्हणतो, "मी सांगितलं, तिनं ऐकलं." दोघंही खरं बोलतात, आणि जेवणाऱ्याच्या तोंडाची चव जाते. माझं काम एवढंच की कोणत्या गोष्टीत कोणाचा शब्द शेवटचा, हे ठरवून द्यायचं. आणि दुसऱ्यानं त्या गोष्टीत तोंड उघडायचं नाही, याची सोय करायची. ज्यानं एकत्र कुटुंब पाहिलं आहे त्याला हे शिकवावं लागत नाही.

पहिलं भांडण माझ्याकडे आलं ते आंबागडच्या मडावी भाऊंचं. ते त्या केंद्रावर औषधं सांभाळायचे आणि शंकरपटाच्या शर्यतीत बैलं पळवायचे. यातलं मुख्य काम कोणतं, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर आपल्या जोडीचा फोटो लावला होता. क्लाउडची त्याला ना नव्हती. पण ते महिन्याच्या बैठकीला वरठीला आले की ऑफिसातला काका फोटो पुसायचा आणि तिथं संस्थेचं बोधचिन्ह लावायचा.

"लांजेवार भाऊ, वरठीत येतो तं माही बैलं गायब होतेत. आंबागडातून निघतो तवा असतेत. कोण्या जळक्याची नजर हो ही?"

"नजर नाही मडावी भाऊ, पॉलिसी आहे."

"कोणाची पालिसी? विमावाल्याची?"

मी हसून सोडून दिलं नाही. समजावून सांगितलं, ते मान डोलवत राहिले, आणि पुढच्या बैठकीला लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधून घेऊन आले. ही बोधचिन्हाची भानगड आमच्या सचिवांची होती. गभणे साहेब. इस्त्रीचा शर्ट, पट्टीनं आखल्यासारखा भांग. क्लाउड यायच्या फार आधीपासून त्यांचा आग्रह की संस्थेचे सगळे पडदे सारखे दिसले पाहिजेत. तेच चित्र, तोच रंग, तीच अक्षरं. माझ्या आधी जो माणूस होता त्यानं तसा हुकूम डोमेनमध्ये घालून ठेवला होता. त्या हुकमात काय काय होतं, हे पुढं कोणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

आता जे खरं सांगायचं आहे ते सांगतो.

सानगडीच्या केंद्रावर वंदना मेश्राम होत्या. आम्ही सगळे त्यांना वंदनाताई म्हणायचो. पेशंटची नोंद त्यांच्याकडे. सिकलसेलच्या तपासणीला आलेल्या लेकरांची नावं, त्यांच्या आईबापांची नावं, कोणाला पुन्हा बोलवायचं, सगळं त्या लॅपटॉपमध्ये भरायच्या. काम असं नीट की त्यांनी भरलेलं मी कधी तपासायचो नाही. त्यांची नजर आधीच थोडी अधू होती. घरचंच दुखणं होतं ते. त्यांच्या आईला तरुणपणी संध्याकाळी दिसेनासं झालं, मग दिवसाही, आणि शेवटी ती माऊली भिंत धरून चालायची. वंदनाताईंनी ते लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून लॅपटॉप दिला तेव्हा मी क्लाउडमधून त्यांच्या मशीनला अक्षरं मोठी करून दिली होती. त्यांनी फोन करून सांगितलंही होतं, "लय मस्त दिसून राहिलं जी."

मग बरेच दिवस काही फोन नाही. आमच्या धंद्यात फोन नाही म्हणजे सुख.

एक दिवस फोन आला. मोहफुलं पडायचे दिवस होते, खिडकीतून तो गोड वास येत होता आणि मी नेहमीसारखा कुठंतरी हरवलेलो.

"सर, हा लॅपटॉप कोणाच्या हवाली कराचा?"

"काहून? बिघडला का?"

"नाही जी, लॅपटॉपले काही नाही झालं. मी सोडून राहिले काम. या महिन्याच्या आखरीले."

मी खुर्चीत सरळ झालो. विचारलं, कोणी काही बोललं का? घरी काही? त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डोळे चालले जी माहे. आईवानी. सकाळी अक्षरं दिसतेत, मोठीमोठी. दुपार झाली का लहान लहान होतेत. मंग अंदाजानं भरते. परवा एका लेकराचं नाव चुकलं. लेकराइची नावं चुकवून पगार नाही घेत मी."

मी त्यांना म्हटलं, "ताई, मी येतो. तोवर कोणाले काही सांगू नका."

खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात पॉलिसी वगैरे काही नव्हतं. ऑफिसातून पाहिलं होतं, दोन्हीकडे हिरवी खूण. क्लाउड म्हणत होता हुकूम पोचला, डोमेनही म्हणत होतं हुकूम पोचला. मला वाटलं, बाईंचे डोळे खरंच चालले, निदान भेटून तरी यावं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडीला किक मारली. साकोलीकडचा तो रस्ता मला फार आवडतो. दोन्ही बाजूंना तलाव, तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं, खाली टोपल्या घेऊन फुलं वेचणाऱ्या बाया. मी गाडी हळू चालवतो, मागचे शिव्या देत पुढं जातात. त्या दिवशी मी पारीवर थोडं थांबलोही. पाण्याकडे पाहताना मनात आलं, हे सगळं एखाद्याला रोज थोडं थोडं कमी दिसत जात असेल तर कसं होत असेल? मी गाडी सुरू केली.

केंद्रावर पोचलो तर वंदनाताई कामात. पडदा पाहिला. अक्षरं चांगली मोठी, मलाही चष्म्याशिवाय वाचता येतील अशी. त्या भराभर नावं भरत होत्या.

"आता तं दिसून राहिलं ना?"

"आता दिसतेच जी. दुपारी पाहाल."

जेवणाची वेळ झाली. आम्ही डबे उघडले. माझ्या डब्यात भात, केंद्रावरच्या नर्सबाईंच्या डब्यात भात, आणि वंदनाताईंच्या डब्यात दोन कोरड्या पोळ्या अन् वांग्याची भाजी. आमच्या भंडाऱ्यात दुपारी भात नाही म्हणजे माणूस आजारी तरी आहे, नाहीतर रुसला तरी आहे.

"भात कायले नाही आणला?"

नर्सबाईच बोलल्या. "आमीच सांगतलं जी तिले. भात खाल्ला का डोळे जड होतेत. दुपारीच तिले दिसत नाही ना, तं म्हटलं भात सोडून पाय."

"फरक पडला का?"

"कायचा फरक," वंदनाताई म्हणाल्या. "भातबी गेला अन् अक्षरंबी गेली."

घरी धानाची शेती, पोती भरून तांदूळ, आणि बाई डोळ्यांसाठी कोरडी पोळी चावत होती. मला माझा भात गिळवेना. मी अर्धा त्यांच्या डब्याच्या झाकणात वाढला. त्यांनी तो नुसता बाजूला सरकवला.

जेवणं झाली. नर्सबाई म्हणाल्या, "वंदना, लाइन जोड वं." सानगडीला सकाळी इंटरनेटची रांगती चाल असायची. त्यामुळं या मंडळींनी आपली पद्धत पाडून घेतली होती. सकाळभर नुसतं भरायचं, आणि जेवण झालं की वरठीच्या ऑफिसाची लाइन जोडून दिवसाचं सगळं पाठवून द्यायचं. लाइन मग तशीच संध्याकाळपर्यंत जोडलेली. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आणि मी विचारायचं तरी काय म्हणून?

वंदनाताईंनी लाइन जोडली. मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलेलो. बाहेर ऊन, खिडकीतून होल्याचा आवाज, सगळं गाव पेंगलेलं, मीही पेंगायच्या बेतात. थोड्या वेळानं पडदा एकदा मिचकला. डोळा मिचकावा तसा. आणि माझ्या समोर अक्षरं लहान झाली.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पाहा," वंदनाताई हळूच म्हणाल्या. "चालू झालं माहं."

"ताई," मी म्हटलं, "मलेबी लहान दिसून राहिली."

त्या माझ्याकडे पाहायला लागल्या. "तुमालेबी?"

"मले, नर्सबाईले, सगळ्याइले. तुमच्या डोळ्याले काही नाही झालं. हा वरठीचा काका आला ना आता! लाइन जोडली का तो येते अन् अक्षरं लहान करते."

त्यांना काही समजलं नाही. मी लाइन तोडली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, क्लाउडला हाक मारली. अक्षरं मोठी. लाइन जोडली. बसून राहिलो. मिचक, लहान. नर्सबाई म्हणाल्या, "अरे बाप्पा!" वंदनाताईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला वाटलं हसताहेत. मग त्यांचे खांदे हलायला लागले. किती दिवस ते भय त्या एकट्याच उराशी घेऊन फिरत होत्या, घरी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नर्सबाईंनी त्यांना जवळ घेतलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. माझेही डोळे भरून आले होते, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

परत आलो तर झाकणातला भात संपला होता.

पुढचं काम वरठीत. गभणे साहेबांच्या 'सगळे पडदे सारखे' या जुन्या हुकमाच्या पोटात अक्षरांचा आकारही होता. तो काढायचा तर त्यांची परवानगी हवी. मी गेलो, सगळं सांगितलं. साहेब भांगावरून हात फिरवत ऐकत होते. मी वाद घालायची पूर्ण तयारी करून गेलो होतो, बाहेर पायरीवर उभं राहून वाक्यं पाठ केली होती.

ते म्हणाले, "लांजेवार, काढा तो हुकूम."

"सानगडीपुरता का जी?"

"सगळीकडचा. अक्षरं ज्याची त्याला. चित्र मात्र सारखंच राहील." आणि थोडं थांबून, "मडावीचे बैल येता कामा नयेत."

पाठ केलेली वाक्यं तशीच घेऊन मी बाहेर आलो. पण नुसता हुकूम काढून भागत नाही. असे जुने हुकूम मशीनच्या अंगावर गोंदणासारखे राहतात. सांगणारा गेला तरी खूण जात नाही. आमच्या धंद्यातही त्याला गोंदणंच म्हणतात. ते एकेका मशीनवरून पुसावं लागतं, मग क्लाउडला सांगावं लागतं, बाबा, अक्षरांच्या बाबतीत तुझा शब्द शेवटचा. ते मी केलं. सानगडीला दुपारी अक्षरं मोठीच राहू लागली. वंदनाताईंनी काम सोडलं नाही. नर्सबाईंचा फोन आला, "भात खाऊन राहिली जी, दोन दोन वेळा वाढून."

तेव्हापासून मला स्वतःचा थोडा अभिमान वाटायला लागला, खोटं कशाला बोलू. खिडकीतून पाहताना वाटायचं, त्या तिकडे, तलावांच्या पलीकडे, एक बाई भरल्या पोटानं लेकरांची नावं लिहीत बसली आहे आणि माझे दोन अदृश्य मालक तिच्या डोक्यावर एका सुरात बोलताहेत. मी त्या विचारात तासन्‌तास बसू शकायचो. चहा अर्थातच थंड.

माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हा त्यांचा पुन्हा फोन आला.

"सर, अक्षरं पुन्हा लहान होऊन राहिली. त्या काकाले पाहा ना जरा."

आवाजात हसू होतं. मला मात्र हसू आलं नाही. मी विचारलं, "दुपारीच का?"

"नाही जी. आता सकाळीबी."

मी पाहायला बसलो. डोमेनचे सगळे हुकूम उघडले, एकेक वाचला. क्लाउडचे वाचले. लाइन पाहिली. गोंदण राहिलं का पाहिलं. दोन्हीकडे हिरवी खूण, पण त्या खुणेवर माझा विश्वास नव्हता, म्हणून सानगडीच्या मशीनवर दुरून शिरून अक्षरांचा आकार डोळ्यांनी पाहिला. मोठी. जेवढी मी ठेवली होती तेवढीच, नखभर कमी नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आयुष्यभर भांडणं मिटवली, पण त्या दिवशी मी देवाला हात जोडून म्हणत होतो, सापडू दे रे बाबा. एक भांडण सापडू दे. एखादा विसरलेला हुकूम, एखादी चूक, माझी असली तरी चालेल. बाहेर मालगाडी गेली, सायकली गेल्या, बांध्यांवर अंधारून आलं. काहीच सापडलं नाही.

हे फोनवर सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सानगडीला गेलो. वाटेत तलाव होते, मी पाहिले नाहीत.

वंदनाताई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. माझ्या पावलांवरून ओळखलं त्यांनी. "सर आले का? सापडला का जी काका?"

मी स्टूल ओढून बसलो. "नाही ताई. समदं पाह्यलं. दोघंही एकच सांगून राहिले. अक्षरं मोठीच आहेत."

त्यांनी हात कीबोर्डवर ठेवले आणि तसेच राहू दिले. 

"म्हणजे या बारीनं मशीन नाही," त्या म्हणाल्या. "मीच आहो."

 मान खाली घालून मी माझ्या चपलांकडे पाहत बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या कामाचा राग आला. कुठंतरी एक गोंदण राहिलं असतं, एक वाकडा हुकूम, तर आज ही बाई हसत भात खायला बसली असती.

तेवढ्यात त्यांनी चाचपत माझ्या हातावर हात ठेवला. "तुमी कायले तोंड पाडता जी? तुमचं काम तं चोखच निघालं." मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तुमीच एकदा म्हणलं होतं, हे मशीन वाचूनबी दाखवते. चला, बोलतं करा त्याले. लेकरं येऊन बसली बाहेर."